मध्यवस्तीतल्या जुन्या टॉकीज: आठवणी सगळ्यांकडे आहेत, वाचवायच्या कशा?

निवांत पेठकर

मागच्या शनिवारी मुलीला (वय १५) पुस्तकं घ्यायला अप्पा बळवंत चौकात घेऊन गेलो. गाडी लावायला जागा शोधत शोधत मंडईपाशी पोचलो, तर ती पाटी वाचून म्हणते, "बाबा, आर्यन वाहनतळ. हा आर्यन कोण? नगरसेवक का?"

मी गाडी लावली आणि तिला तिथेच उभं करून सांगितलं, की तू जिथे उभी आहेस तिथे पुण्यातलं पहिलं पक्क्या बांधणीचं सिनेमा थिएटर होतं. १९१५ साली सुरू झालं, १९८३ साली पाडलं. मी तिथे आजोबांच्या शेजारी बसून एक पौराणिक सिनेमा बघितलाय. सिनेमाचं नाव आठवत नाही, पण खुर्चीचं लाकूड मांडीच्या मागे टोचायचं ते आठवतं. ती म्हणाली, "ओके." मग थोडं पुढे मिनर्व्हा वाहनतळ. "हेपण थिएटर?" होय बाई, हेपण.

म्हणजे आमच्या पेठांमध्ये थिएटरांची नावं उरली आहेत ती पार्किंगला, नाहीतर चौकाला. रिक्षावाल्याला 'टिळक चौक' सांगून बघा, तो तुम्हाला 'कुठला टिळक चौक?' विचारेल. 'अलका टॉकीज' म्हणा, मीटर पडला.

तर प्रश्न दोन. एक, तुमच्या गावात मध्यवस्तीत कोणती टॉकीज होती किंवा आहे, तिच्याबद्दल लिहा. दोन, आणि हा जास्त महत्त्वाचा: जी अजून उभी आहेत ती वाचवता येतील का? माझं मत, महापालिकेने निदान एक तरी विकत घ्यावं आणि स्टॉल-बाल्कनीसकट जसंच्या तसं ठेवावं. नाट्यगृहं बांधायला पैसे असतात, मग याला का नाहीत?

---

खडूस

महापालिकेने विकत घेतलं की पाच वर्षांत त्याचं काय होईल हे बघायला महापालिकेची नाट्यगृहं बघा. पुढचा प्रश्न.

---

मंजिरी ताई

नगरसेवक :-) :-) मुलीला माझ्याकडून चॉकलेट.

पुण्याचं प्रभात! आमच्यासाठी ते कायम प्रभातच. २०१४ च्या अखेरीस ते चालवणाऱ्या दामल्यांचा भाडेकरार संपला, थिएटर मूळ मालक किब्यांकडे परत गेलं आणि नाव किबे लक्ष्मी झालं. माझ्या सासूबाई अजूनही प्रभात म्हणतात आणि मी चुकून लक्ष्मी म्हटलं तर "कोण लक्ष्मी?" विचारतात. १९३४ पासूनचं नाव, कसं जाणार?

'माहेरची साडी' तिथे लागला तेव्हा मी शाळेत होते. चाळीतल्या बायकांनी मिळून दुपारचा खेळ ठरवला होता. प्रत्येकीने दोन-दोन रुमाल घेतलेले. आमच्या शेजारच्या काकू मध्यंतरातच रडून रडून दमल्या आणि म्हणाल्या, "आता उरलेलं घरी जाऊन रडते, कुकर लावायचाय." आणि खरंच उठून गेल्या! दुसऱ्या दिवशी बाकीच्यांनी त्यांना नळावर पुढची गोष्ट सांगितली, त्याही सगळ्या पुन्हा रडल्या.

---

ऑपरेटरचा पोरगा

माझे वडील जिल्ह्याच्या गावात एका टॉकीजमध्ये सत्तावीस वर्षं ऑपरेटर होते. त्यामुळे तुम्ही सगळ्यांनी जे पडद्यावर पाहिलं ते मी केबिनच्या भोकातून पाहिलंय.

केबिनमध्ये दोन मशिनं. एक चालू, दुसरं तयार. हजार फुटांची रीळ जेमतेम अकरा मिनिटं चालते, दोन हजारांची बावीसच्या आसपास. रीळ संपत आली की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वरच्या बाजूला एक ठिपका चमकतो. तो दिसला की दुसऱ्या मशिनची मोटर सुरू करायची, दुसरा ठिपका आला की पट्टी फिरवून दुसऱ्या मशिनचं चित्र पडद्यावर सोडायचं. तुम्हाला कळलं नाही म्हणजे ऑपरेटर चांगला. वडिलांना सिनेमाची गोष्ट कधीच सांगता यायची नाही, ते आयुष्यभर कोपऱ्यातच बघत राहिले.

झेनॉनचा दिवा यायच्या आधी कार्बनच्या कांड्या होत्या. दोन कांड्यांच्या टोकांत ठिणगी धरायची आणि कांड्या जळत जातील तसं स्क्रू फिरवून त्यांना जवळ आणत राहायचं. लक्ष हटलं की पडद्यावर अंधारी यायची आणि खालून ओरडा, "ए, झोपला काय!" काळी काच लावून ठिणगीकडे बघायचं, वर धुरासाठी चिमणी. उन्हाळ्यात त्या केबिनमध्ये बनियनवर काम चालायचं, बनियनही नको व्हायचं.

एकच प्रिंट दोन टॉकीजमध्ये चालवायचे तेव्हा गंमत. आमचा खेळ सहाला, स्टँडजवळच्या टॉकीजचा साडेसहाला. एक पोऱ्या सायकलवर डबे घेऊन इकडून तिकडे. एकदा तो पंक्चर झाला. वडिलांनी साडी सेंटरची आणि बिडीची स्लाइड आलटून पालटून दहा मिनिटं दाखवली. आणि एकदा रिळांची अदलाबदल झाली. खलनायक मेला आणि पुढच्या रिळात पुन्हा हजर, घोड्यावर. एकाही माणसाने तक्रार केली नाही. शिट्ट्या पडल्या, जास्त पडल्या.

---

रंकाळ्यावरचा

ऑपरेटरचा पोरगा, लई भारी लिवलंय राव. तुमचा वेगळा धागा पायजे.

आमच्या कोल्हापुरात पण रीळ सायकलवरनं जायची. आणि तिकडं पोऱ्या आला की पब्लिक टाळ्या वाजवायचं, हिरोला वाजवली नसतील एवढ्या.

---

गिरणगावची पोरगी

लालबागचं भारतमाता. गिरण्यांच्या पाळीप्रमाणे सिनेमाची गर्दी व्हायची असं बाबा सांगत. ते स्वतः तिसऱ्या पाळीला होते. सकाळी सुटले की झोपायचे, तीनच्या खेळाला भारतमाता, मग घरी जेवण आणि परत खात्यात. मराठी सिनेमा इतर ठिकाणी एक आठवडाही टिकत नसे, तेव्हा इथे टिकायचा. ८२ च्या संपात मात्र बाबांनी वर्षभर थिएटरचं तोंड पाहिलं नाही. आई म्हणायची, संप मिटला का हे मला पेपर वाचून नाही, ह्यांनी तिकिटाला पैसे मागितले की कळेल. मागितलेच नाहीत कधी. गिरणीच राहिली नाही.

दादरला प्लाझा, कोहिनूर. दादा कोंडक्यांच्या सिनेमांची रांग कोहिनूरपासून कुठवर जायची यावर आमच्या घरात अजून दोन गट आहेत.

---

खडूस

आठवणी वाचायला छान वाटतात. पण मंडळी, एक साधा प्रश्न. इथे लिहिणाऱ्यांपैकी गेल्या एका वर्षात एकपडदा थिएटरात तिकीट काढून कोण गेलं? खरं सांगा.

---

निवांत पेठकर

@खडूस, नाही गेलो. :-(

---

मंजिरी ताई

नाही.

---

रंकाळ्यावरचा

म्या गेलतो. पण पाऊस लागला म्हणून.

---

स्वाती_स

मी नाही गेले आणि जाणारही नाही. का ते सांगते. धाग्यावर सगळं गुलाबी रंगात चाललंय म्हणून.

१९९० च्या सुमाराची गोष्ट, गाव आणि थिएटर सांगत नाही. मी आणि मैत्रीण, दोघी कॉलेजच्या. बाल्कनीचं तिकीट मुद्दाम काढलेलं, कारण स्टॉलमध्ये मुलींनी बसायचं नाही हे घरून बजावलेलं. दिवे गेले आणि मागच्या रांगेतून पाय खुर्चीच्या फटीतून आत. दोनदा जागा बदलली. तिसऱ्यांदा डोअरकीपरला सांगितलं, तर तो बॅटरी मारून म्हणाला, "एकट्या कशाला येता?" आम्ही दोघी होतो!

आणि बाथरूम. मी तीन तास पाणी न पिता सिनेमे बघितलेत. आमच्या आईच्या पिढीतल्या बायका तर घरून निघतानाच सगळं आटपून निघायच्या. त्यामुळे 'जसंच्या तसं ठेवावं' असं कोणी म्हटलं की मला विचारावंसं वाटतं, नक्की काय काय जसंच्या तसं? मल्टिप्लेक्सच्या महाग पॉपकॉर्नला नावं ठेवा, पण मला तिथे एकटीला रात्री नऊच्या खेळाला जाता येतं.

---

मंजिरी ताई

स्वाती, अगदी खरं. मी लिहिताना ते विसरले होते असं नाही, लिहिलं नाही इतकंच. त्या दोन रुमालांबरोबर प्रत्येकीच्या पर्समध्ये सेफ्टी पिनही असायची.

---

निवांत पेठकर

स्वाती_स, हे वाचून मी जरा गप्प झालो. 'जसंच्या तसं' हा शब्द मागे घेतो. छत, बाल्कनी, पडदा ठेवू. बाथरूम नवीन.

---

बाबू बारामतीकर

विषयांतराबद्दल माफी, पण टुरिंग टॉकीजबद्दल कोणीच बोलत नाही? जत्रेतला तंबू, खाली वाळू, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मधे दोरी...

---

खडूस

विषय मध्यवस्तीतल्या थिएटरांचा आहे. तंबूला मध्यवस्ती नसते. (मधली दोरी मात्र स्वाती_स यांना आवडेल.)

---

स्वाती_स

आवडेल. दोरीच्या पलीकडे तुम्ही बसा.

---

टॉकीजवाला

मी काकांबरोबर तालुक्याच्या गावात अकरा वर्षं टॉकीज भाड्याने चालवली. २०१३ साली सोडली. थोडं हिशोबाचं लिहितो, कारण सगळे 'मालक लोभी' म्हणून मोकळे होतात.

टॉकीज रिकामी असली तरी विजेचं ठरलेलं बिल येतं. मालमत्ता कर येतो, आणि तो बांधकामाच्या चौरस फुटावर, विकलेल्या तिकिटांवर नाही. सहाशे खुर्च्यांत चाळीस माणसं बसली तरी डोअरकीपर चार लागतात. पोलिसांचा परवाना, अग्निशमनाचा दाखला, सगळं दरवर्षी. जीएसटी यायच्या आधी आपल्या राज्यात करमणूक कर ४५ टक्के होता, मराठी सिनेमाला माफ. आणि मल्टिप्लेक्स नवीन आले तेव्हा त्यांना पहिली काही वर्षं करमाफी मिळाली. आम्ही समोरच्या रस्त्यावर बसून पूर्ण कर भरत होतो. स्पर्धा म्हणायची का याला?

मग डिजिटल आलं. रिळं बंद झाली. प्रोजेक्टर घ्या किंवा कंपनीचं यंत्र बसवून दर खेळाला पैसे मोजा. काका म्हणाले, आपली मशिनं अजून तीस वर्षं चालतील. चालली असती, पण त्यांत घालायला रीळच येईनाशी झाली. भंगारवाल्याने किलोवर नेली.

म्हणून म्हणतो, टॉकीज पडली ती टीव्हीमुळे, व्हिडिओमुळे, मल्टिप्लेक्समुळे हे सगळं बरोबर आहे. पण खरी गोष्ट जागेची आहे. गावाच्या मधोमध वीस-तीस गुंठे, त्यावर दिवसाला तीन-चार खेळ. खालची जमीन वरच्या सिनेमापेक्षा कितीतरी महाग झाली. वारसदार पाच, त्यातले तीन बाहेरगावी. कोण चालवणार?

---

ऑपरेटरचा पोरगा

किलोवर. हे वाचवत नाही हो. वडिलांनी निवृत्तीनंतर मशिनची एक भिंग मागून आणली होती, ती देव्हाऱ्याशेजारी आहे.

---

वास्तुपुरुष

टॉकीजवाल्यांनी मुद्द्याला हात घातला. मी वास्तुरचनेच्या बाजूने लिहितो. व्यवसाय तोच, आणि एका जुन्या इमारतीच्या दुरुस्तीत काम केलंय (थिएटर नव्हे).

वाचवता येतं का? येतं. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाउस बघा. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेलं, आधी नाटकं-ऑपेरा, मग सिनेमा. १९९३ पासून बंद. छतातून पाणी, झाडं उगवलेली. मालकी गोंडलच्या राजघराण्याची. त्यांनी संवर्धनतज्ज्ञ आभा नारायण लांबा यांच्याकडून काम करून घेतलं आणि २०१६ मध्ये ते पुन्हा उघडलं. पुढच्या वर्षी युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा पुरस्कार. तिथे भिंतीवरचे रंगाचे थर एकेक करून खरवडून मूळ रंग कोणता होता ते शोधलं गेलं. हे काम सुरीने चालतं, ब्रशने नाही.

लक्षात घ्या, ते सरकारने विकत घेतलं नव्हतं. मालकाने स्वतः केलं. आणि आज तिथे रोज चार खेळ सिनेमा चालत नाही, कार्यक्रम होतात.

दुसरं उदाहरण इरॉस. १९३८ ची इमारत, आर्ट डेको, म्हणजे त्या काळची भौमितिक नक्षीची बांधकामशैली. २०१८ मध्ये मुंबईचा जो गॉथिक आणि आर्ट डेको समूह जागतिक वारसा यादीत गेला त्यात इरॉस आणि रीगल दोन्ही आहेत. २०१७ मध्ये बंद झालेलं इरॉस २०२४ मध्ये उघडलं, पण आत हजाराहून जास्त खुर्च्यांच्या जागी तीनशेच्या आसपास खुर्च्या आणि आयमॅक्सचा पडदा. बाहेरून तेच, आतून वेगळं. याला वाचवणं म्हणायचं का यावर आमच्या व्यवसायातही भांडणं आहेत.

प्रत्यक्ष कामात सगळ्यात जास्त त्रास देतं ते एसी. जुन्या थिएटरला पंखे आणि झरोके होते. आता थंड हवेचा डक्ट न्यायचा तर प्लास्टरचं नक्षीदार छत फोडावं लागतं. मग जिने रुंद हवेत, बाहेर पडायचे दरवाजे वाढवायला हवेत. बाल्कनीच्या उताराचा कोन नव्या नियमात बसत नाही. प्रत्येक गोष्टीत थोडं थोडं मूळ जातं.

---

गिरणगावची पोरगी

इरॉस उघडल्यावर मी गेले होते. पायऱ्या चढताना छाती भरून आली, आत गेल्यावर मला वाटलं मी कुठल्याही मॉलमध्ये आहे. पण तिथे माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा होते, नव्वदीचे असतील. नातवाला सांगत होते, "इथे तुझ्या आजीला पहिल्यांदा इंग्रजी सिनेमाला आणलं, तिला एक अक्षर कळलं नाही, तरी मध्यंतरात चला म्हणाली नाही." इमारत पाडली असती तर हे वाक्य बोलायला ते कुठे गेले असते?

---

खडूस

घरी.

---

मंजिरी ताई

खडूस, कधीतरी नावाला न जागता बोला.

---

गोदाकाठ

नाशिककर हजर. आमच्या विजयानंदचं नाव कोणीच घेतलं नाही! २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या विजयानंदमध्ये. तेव्हा ते नाट्यगृह होतं, 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता. पुढे तिथे सिनेमे लागू लागले. मी लहानपणी तिथे मारधाडीचे सिनेमे बघायचो आणि वडील दर वेळी आठवण करून द्यायचे की इथे खरी गोळी चालली होती. त्यामुळे पडद्यावरच्या गोळीबाराचं मला कधी कौतुक वाटलं नाही.

सांगायचा मुद्दा, ही वास्तू फक्त सिनेमाची नाही. ज्यांना इतिहासाचा असा आधार आहे त्यांच्यासाठी तरी निधी मागता येईल ना?

---

निवांत पेठकर

गोदाकाठ, यावरून आठवलं. आमच्या कॅम्पातलं कॅपिटल, नंतरचं व्हिक्टरी. जानेवारी १९४३ मध्ये चले जाव चळवळीतल्या तरुणांनी तिथे बॉम्ब ठेवला होता, गोरे सोजीर सिनेमाला येत म्हणून. कॅपिटल बॉम्ब खटला त्यावरचाच. मी तिथे कॉलेज बुडवून कितीदा गेलोय, हे मला चाळिशीत कळलं.

---

रंकाळ्यावरचा

मग आमचं पॅलेस थिएटर पण घ्या यादीत. शाहू महाराजांनी बांधलं, १९१५ ला सुरू झालं, शेजारी खासबागचं कुस्तीचं मैदान. नंतर केशवराव भोसले नाट्यगृह नाव झालं. ८ ऑगस्ट २०२४ ला रात्री आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. आख्खं कोल्हापूर रस्त्यावर, मोठी मोठी माणसं पोरासारखी रडत होती. मी सवता बघितलंय.

---

खडूस

ते नाट्यगृह आहे.

---

रंकाळ्यावरचा

म्हाईत हाय. म्हणूनच सांगतोय. ते जळलं तेव्हा लोक रडले, ओरडले, म्हणून लगेच सरकारनं पुन्हा उभारायचं जाहीर केलं. आता आपल्यापैकी कुणी सिनेमाची टॉकीज पाडताना रडलाय? आम्ही पाडताना बघायला उभे ऱ्हायलो, चहा पिला, आणि इथं आता काय होणार, लॉज का दुकानं, त्याची चर्चा केली. सिनेमाला आपण कधी आपला मानलाच न्हाई. नाटक म्हणजे संस्कृती आणि सिनेमा म्हणजे टाइमपास.

---

वास्तुपुरुष

या एका प्रतिसादासाठी धागा सार्थकी लागला.

---

टॉकीजवाला

+१. आमच्या टॉकीजच्या शेवटच्या दिवशी तेरा माणसं होती. त्यातले दोघे झोपायला आलेले.

---

म्हापशेंकार

गोव्यातून लिहितो. म्हापशाचं एल कापितान आणि अलंकार, मडगावचं मेट्रोपोल, ऑलिंपिया. नावं बघा, बहुतेक परदेशी वळणाची. आमच्या लहानपणी घरात कोंकणी, शाळेत मराठी, चर्चच्या शेजाऱ्यांकडे पोर्तुगीज, आणि टॉकीजमध्ये हिंदी. हिंदी मी टॉकीजमध्येच शिकलो, त्यामुळे अजून भांडताना संवाद मारल्यासारखं बोलतो.

मूळ प्रश्नाकडे येतो. पणजीतल्या सम्राट-अशोकमध्ये मधल्या काळात मरगळ होती. नंतर नूतनीकरण झालं आणि इफ्फीच्या, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळी तिथेही खेळ लावले. म्हणजे वर्षभर नाही तरी काही दिवस जगाचे सिनेमे तुमच्या जुन्या टॉकीजमध्ये लागतात. पुण्यात, कोल्हापुरात, मुंबईत महोत्सव होतातच की. ते सगळे मल्टिप्लेक्समध्येच का? एक पडदा जुन्या थिएटरातला ठेवा. भाडं मालकाला मिळेल, लोकांना निमित्त.

---

जर्सीवासी

मी जर्सी सिटीत राहतो, मूळचा सोलापूरचा (भागवत टॉकीजवाल्यांनो, हात वर करा. उमा, चित्रा, कला, छाया, एकाच आवारात. मल्टिप्लेक्स हा शब्द आम्हाला नंतर कळला!).

इथे जर्नल स्क्वेअरला, देशी दुकानांच्या गल्लीपासून पाच मिनिटांवर, लोव्ज जर्सी नावाचं १९२९ चं अवाढव्य थिएटर आहे. आत गेलं तर राजवाडा. १९८६ मध्ये बंद पडलं आणि पाडून कचेऱ्या बांधायचं ठरलं. गावातल्या लोकांनी सह्या गोळा केल्या, सभांना जाऊन बसले, आणि शेवटी शहराने ते विकत घेतलं. खरी गोष्ट त्याच्यापुढची. शहराकडे दुरुस्तीला पैसे नव्हते. मग स्वयंसेवक दर शनिवार-रविवारी येऊन झाडायचे, खुर्च्या दुरुस्त करायचे, वायरी ओढायचे. वर्षानुवर्षं. मी नवीन होतो तेव्हा एका शनिवारी गेलो होतो, माझ्या हातात पान्हा दिला आणि खुर्च्यांचे नट आवळायला बसवलं. शेजारी एक निवृत्त पोस्टमन होता. त्यांनी जुने सिनेमे रिळावर दाखवायला सुरुवात केली, लोक आले. आता मोठं नूतनीकरण हाती घेतलंय, पण त्या मधल्या वर्षांत ते उभं राहिलं ते पान्ह्यांवर.

त्यामुळे 'महापालिकेने घ्यावं' आणि 'महापालिका वाट लावेल' ही दोन्ही वाक्यं खरी असू शकतात. मधे माणसं लागतात.

---

बाबू बारामतीकर

भागवत! हात वर. उमाला जागा नाही मिळाली तर कलाला, कलाला नाही तर छायाला. सिनेमा कोणता ते आत गेल्यावर कळायचं.

---

खडूस

जर्सीवासी, प्रतिसाद आवडला. हो, मीच लिहितोय, मंजिरी ताईंनी स्क्रीनशॉट काढून ठेवावा.

पण आपल्याकडे खासगी मालकाच्या थिएटरात आपण पान्हा घेऊन गेलो तर तो पोलिसांना बोलावेल. सुरुवात मालकापासून व्हायला हवी, आणि मालकाला फक्त एकच भाषा समजते, तिकीटबारीची. टॉकीजवाल्यांनी वर हिशोब मांडलाय. तो तुटतो कुठे? आठवड्याच्या मधल्या दिवसांत, दुपारी. तेव्हा एखाद्या गटाने महिन्यातून एकदा ठरलेल्या वारी पूर्ण खेळ घेतला तर?

---

टॉकीजवाला

पूर्ण खेळ घेणं मालकाला परवडतं. आम्हाला शाळांचे सकाळचे खेळ मिळायचे, त्यावर महिन्याचं वीजबिल निघायचं. जुना सिनेमा लावायचा तर त्याचे हक्क कोणाकडे आहेत ते बघावं लागेल, पण तेही होतं. खुर्च्यांपैकी दोनशे भरल्या तर मालक स्वतः चहा पाजेल.

---

ऑपरेटरचा पोरगा

वडील ८१ वर्षांचे आहेत. त्यांना हा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, "दोनशे माणसं येणार असतील तर मीही येतो, पण मला कोपऱ्यातली खुर्ची नको. मला यावेळी सिनेमा बघायचाय."

---

निवांत पेठकर

काका येणार म्हटल्यावर ठरलंच. पुण्यापासून सुरुवात करू. पेठेतलं चालू असलेलं एक एकपडदा थिएटर मी विचारून ठेवलंय, मॅनेजर भले वाटले. रविवार सकाळ, साडेदहा. मुलीलाही विचारलं, ती म्हणाली, "पार्किंग आहे ना तिथे?"

---

मंजिरी ताई

मी आणि सासूबाई, दोन तिकिटं. बाल्कनी. रुमाल आम्ही आणू.

---

रंकाळ्यावरचा

कोल्हापूरहून आठ जण, पहाटेची एस्टी. स्टॉल. शिट्टी चालते का विचारून घ्या.

---

खडूस

एक. कुठेही.

---

निवांत पेठकर

स्वाती_स, तुम्ही?

---

स्वाती_स

मी शनिवारी जाऊन आधी बाथरूम बघून येते. मग सांगते.